सोडतीच्या डब्यात उरलेल्या चिठ्ठ्या : मॅसॅच्युसेट्समधील मराठी पालकांना खुले पत्र

प्रति,
मॅसॅच्युसेट्समधील मराठी मंडळांचे पदाधिकारी, मराठी शाळांचे स्वयंसेवक शिक्षक आणि सर्व मराठी पालक यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या आरतीनंतर, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा रविवारी मराठी शाळेच्या वर्गाबाहेर मुलांची वाट पाहताना आपण चारजण जमलो आणि शाळांचा विषय निघाला नाही, असे सहसा होत नाही. कोणत्या टाऊनमधील गणिताचे शिक्षक चांगले, कोणत्या हायस्कूलमधून किती मुले नामांकित विद्यापीठांत गेली, हे आपल्याला तोंडपाठ असते. या चर्चेत चार्टर शाळांचे, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या विनाशुल्क शाळांचे, नाव आले की मात्र बहुतेकांचे मत आधीच ठरलेले असते. ‘त्या शाळा सरकारी शाळांचे पैसे पळवतात’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि एके काळी स्वतःही ठामपणे उच्चारले आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये या राज्यात चार्टर शाळांची संख्या वाढू द्यावी की नाही यावर मतदान झाले, तेव्हा मी नुकताच नागरिक झालो होतो आणि या देशातील माझ्या पहिल्याच मतपत्रिकेवर मी त्या प्रस्तावाच्या विरोधात खूण केली. सुमारे ६२ टक्के मते विरोधात जाऊन प्रस्ताव फेटाळला गेला. माझे ते मत चुकीचे होते असे आज मला वाटते, आणि ते का, हे आपल्यासमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे मत एखादा अहवाल वाचून बदलले नाही. मेरिमॅक नदीच्या काठावरील एका जुन्या गिरणी-शहरात, लाल विटांच्या बंद पडलेल्या गिरणीत भरणाऱ्या एका चार्टर शाळेच्या विश्वस्त मंडळावर माझे एक सहकारी होते. अशा शाळेत जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर प्रवेश सोडतीनेच द्यावे लागतात, सोडत लोकांसमोर काढावी लागते आणि शाळेत हितसंबंध नसलेल्या व्यक्तीच्या हातून काढावी लागते, असा या राज्याचा नियम आहे. त्या वर्षी त्यांनी मला बोलावले. म्हाडाच्या घरांची किंवा शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के जागांची सोडत आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे मी फारसा विचार न करता होकार दिला.

पाचवीच्या साठ जागा होत्या. शाळेत आधीपासून असलेल्या मुलांच्या भावंडांना प्राधान्य असल्यामुळे त्यांतील काही जागा सोडतीपूर्वीच भरलेल्या होत्या, आणि अर्ज तीनशेच्या वर आले होते. व्यायामशाळेत लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, समोर एक पारदर्शक डबा, प्रत्येक चिठ्ठीवर केवळ अर्जाचा क्रमांक. मी चिठ्ठी काढून क्रमांक वाचायचा, शेजारच्या बाईंनी तो मोठ्या कागदावर लिहायचा, आणि मागच्या ओळींतून कुठून तरी एखादा हुंदका किंवा आनंदाचा चीत्कार ऐकू यायचा. अर्ध्या तासात जागा संपल्या. माझे काम मात्र संपले नव्हते, कारण उरलेल्या प्रत्येक चिठ्ठीला प्रतीक्षा यादीतील क्रमांक द्यावा लागतो. पुढचा दीड तास मी चिठ्ठ्या काढत राहिलो, आणि प्रत्येक चिठ्ठीबरोबर कुणाला तरी जागा मिळाली नाही हेच जाहीर करत राहिलो. लोक एकेक करून उठून गेले. इस्पितळातील सफाई कर्मचाऱ्याचा गणवेश अंगावर असलेली एक बाई आणि तिची दहा वर्षांची मुलगी शेवटपर्यंत थांबल्या. त्यांचा क्रमांक यादीत दोनशेच्या पुढे लागला. आईने मुलीला स्पॅनिशमध्ये काही विचारले आणि मुलीने माझ्याकडे येऊन इंग्रजीत विचारले, ‘हा नंबर चांगला आहे का?’ मी खरे ते सांगितले. मुलीने आईला काय सांगितले ते मला कळले नाही. आईने मात्र माझ्याकडे पाहून मान लववून आभार मानले.

त्या रात्री गाडी चालवत घरी येताना मला माझ्याच घराच्या खरेदीची आठवण झाली. माझ्या मुलाला शाळा मिळावी म्हणून मला कुठल्याही सोडतीत बसावे लागले नव्हते. आम्ही शाळांची क्रमवारी पाहिली, आपल्याच ओळखीच्या लोकांना फोन केले, ऐपतीच्या काठावर जाऊन कर्ज काढले आणि चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे चांगल्या सरकारी शाळा असलेल्या विभागात, घर घेतले. आपण सर्वांनी हेच केले आहे आणि त्यात गैर काहीही नाही. पण आपण शाळा निवडली, आणि त्या निवडीची किंमत घराच्या किमतीतून मोजली, हे मान्य करायला हवे. ज्या आईला ते घर परवडत नाही, तिच्यापुढे निवडीचा जो एकच दरवाजा आहे तो अरुंदच राहावा असे मत देण्यापूर्वी मी एवढा विचार करायला हवा होता.

चार्टर म्हणजे सनद. सरकार एखाद्या ना-नफा संस्थेला ठरावीक मुदतीची सनद देते. संस्थेने फी घेता कामा नये, प्रवेश परीक्षा घेता कामा नये, राज्याच्या सर्व चाचण्या मुलांना द्यायला लावाव्यात, आणि त्या बदल्यात शिक्षकांची नेमणूक, दिवसाचे वेळापत्रक, पैशांचा विनियोग याबाबत तिला मोकळीक असावी, असा हा करार असतो. आपल्या राज्यात ही मुदत पाच वर्षांची आहे. पाच वर्षांनी राज्याचे शिक्षण मंडळ शाळेचा हिशेब घेते आणि काम समाधानकारक नसेल तर सनद काढून घेऊ शकते. सरकारचा पैसा आणि संस्थेचे व्यवस्थापन ही जोडी मराठी माणसाला नवी वाटण्याचे कारण नाही. माझे स्वतःचे माध्यमिक शिक्षण सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेत झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे तिच्या शाळा खेडोपाडी पोहोचल्या, तेव्हा ज्या घरांत कुणी पाटी पाहिली नव्हती त्या घरांतील मुले शिकली. सरकारने स्वतः बांधलेली नसलेली शाळाही लोकांची शाळा असू शकते, हे आपण आपल्या मातीत अनुभवले आहे. फरक इतकाच की आपल्याकडे एकदा सुरू झालेले अनुदान मुले शिकोत वा न शिकोत सहसा थांबत नाही, आणि चार्टरच्या कल्पनेत दर पाच वर्षांनी उत्तर देण्याची सक्ती आहे. ही सक्तीच मला या व्यवस्थेचा प्राण वाटते. अलीकडे मुंबई, पुणे आणि नागपूर येथे महापालिकांच्या शाळा आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्थेने भागीदारीत चालवण्याचे जे काम सुरू आहे, ते याच विचाराच्या जवळचे आहे.

चार्टर शाळा शिक्षक संघटनांच्या शत्रूंनी काढल्या, असाही एक समज आपल्यात आहे. या कल्पनेला नाव दिले ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील प्राध्यापक रे बडी यांनी, आणि १९८८ मध्ये ती देशापुढे नेली ती अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी. शिक्षकांना नवे प्रयोग करण्यासाठी मोकळी जागा मिळावी, हा त्यांचा हेतू होता. ही कल्पना पुढे ज्या वाटेने गेली तिच्यावर शँकर यांनीच नंतर टीका केली, हेही खरे आहे. मिनेसोटाने १९९१ मध्ये पहिला कायदा केला, १९९२ मध्ये सेंट पॉल येथे सिटी अकॅडमी ही पहिली शाळा सुरू झाली, आणि आपल्या राज्यात १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्यानंतर १९९५ मध्ये पहिल्या चार्टर शाळा उघडल्या. आज देशभरात अशा सुमारे आठ हजार शाळा आहेत आणि त्यांत सदतीस लाखांच्या आसपास मुले शिकतात. म्हणजे सार्वजनिक शाळांतील दर शंभर मुलांपैकी साधारण सात. कोविडच्या पहिल्या पूर्ण शैक्षणिक वर्षात, म्हणजे २०२०-२१ मध्ये, डिस्ट्रिक्ट शाळांची, म्हणजे नेहमीच्या सरकारी शाळांची, पटसंख्या घसरत असताना चार्टर शाळांत सुमारे दोन लाख चाळीस हजार मुले वाढली.

वाढ म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मला मान्य आहे; म्हणून पुराव्याकडे वळतो. चार्टर शाळांचे निकाल चांगले असतात ते मुळात जागरूक पालकांचीच मुले तिथे जातात म्हणून, हा आक्षेप मी स्वतः घेत असे. त्याला उत्तर त्याच सोडतीत दडलेले आहे. अर्ज करणारे सगळेच पालक जागरूक असतात; त्यांतील कुणाच्या मुलाला जागा मिळाली आणि कुणाच्या नाही, हे केवळ चिठ्ठी ठरवते. एमआयटीमधील जोशुआ अँग्रिस्ट, ज्यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि पराग पाठक यांनी सहकाऱ्यांसह बॉस्टनच्या सोडतींतील या दोन्ही गटांची वर्षानुवर्षे तुलना केली. जागा मिळालेल्या मुलांची प्रगती, विशेषतः गणितात, लक्षणीयरीत्या जास्त होती. पुढे हायस्कूलमध्येही त्यांचे सॅट या महाविद्यालय-प्रवेशासाठीच्या परीक्षेतील गुण वाढले, आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजऐवजी चार वर्षांच्या महाविद्यालयाकडे वळणाऱ्यांचे प्रमाण वाढले. आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मात्र वेगळाच आहे. संपूर्ण राज्याचा विचार केला तेव्हा हा लाभ शहरांतील चार्टर शाळांत दिसला. उपनगरांतील आणि ग्रामीण भागातील चार्टर शाळांनी मुलांचे गुण वाढवले नाहीत, काही ठिकाणी ते कमीच झाले. ज्यांच्याजवळ चांगली शाळा आधीच आहे त्यांना चार्टरची गरज नाही, आणि ज्यांच्याजवळ ती नाही त्यांना तिचा मोठा उपयोग होतो. म्हणूनच आपल्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून या प्रश्नाचे उत्तर दिसत नाही.

देशभराचे चित्र इतके उजळ नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राने २००९ मध्ये केलेल्या पाहणीत गणितात केवळ १७ टक्के चार्टर शाळा जवळच्या डिस्ट्रिक्ट शाळांपेक्षा सरस ठरल्या होत्या आणि ३७ टक्के मागे होत्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चार्टरमधील मुले वर्षाकाठी वाचनात सुमारे १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे आढळली. मधल्या काळात अनेक कमकुवत शाळा बंद झाल्या आणि जुन्या शाळाही सुधारत गेल्या. त्याच अहवालात पूर्णतः ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळांतील मुले गणितात १२४ दिवसांनी मागे होती. ओहायोमध्ये अशी एक अवाढव्य ऑनलाइन शाळा जानेवारी २०१८ मध्ये वर्षाच्या मध्यावर कोसळली आणि हजारो मुले उघड्यावर आली. कॅलिफोर्नियात ऑनलाइन चार्टरच्या नावाखाली सरकारी तिजोरीतून कोट्यवधी डॉलर उकळल्याचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. जिथे सनद देणारे सरकार डोळ्यांवर कातडे ओढून बसते तिथे हेच होणार. मी पाठिंबा देतो आहे तो कडक तपासणी करणाऱ्या आपल्या राज्यासारख्या व्यवस्थेला, कुणीही दुकान थाटावे अशा मोकळिकीला नाही.

सोडतीच्या त्या संध्याकाळनंतर मी त्याच शाळेत शनिवारी गणित शिकवायला जाऊ लागलो. तिथे जे चालते त्यात जादू काही नाही. दिवस लांब असतो, मागे पडलेल्या मुलाला रोज शिकवणी मिळते, मुख्याध्यापिका आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पाहतात आणि त्याच दिवशी शिक्षकाशी बोलतात. एक पद्धत मला फार आवडली. प्रत्येक तासाच्या शेवटी मुले एका छोट्या कागदावर एकच गणित सोडवून देतात. त्याला ‘एक्झिट तिकीट’ म्हणतात. शिक्षिका घरी जाण्यापूर्वी त्या कागदांचे तीन गठ्ठे करते: जमले, अर्धवट जमले, अजिबात जमले नाही. तिसऱ्या गठ्ठ्यातील मुलांना दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरण्याआधी बोलावले जाते. सातवीतील एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. तो अंशात अंश आणि छेदात छेद मिळवत असे. त्याचा कागद महिनाभर तिसऱ्या गठ्ठ्यात जात राहिला, आणि महिनाभर त्याला रोज सकाळी कुणीतरी पुन्हा समजावत राहिले. माझ्या गावच्या शाळेत माझे गणित कच्चे राहिले असते तर ते कुणाच्या लक्षात यायला सहामाही परीक्षा उजाडावी लागली असती.

तिथे खटकणाऱ्या गोष्टीही मी पाहिल्या. वर्ग बदलताना मुले ओळीत आणि मूकपणे चालत होती, ते पाहून मला बरे वाटले नाही. या राज्यातील काही चार्टर शाळांनी किरकोळ कारणांवरून मुलांना निलंबित करण्याचे प्रमाण फार वाढवले होते, आणि त्यावर झालेली टीका रास्त होती. इंग्रजी शिकणारी आणि विशेष गरजा असलेली मुले पूर्वी चार्टर शाळांत कमी दिसत. २०१० च्या कायद्याने अशा मुलांपर्यंत पोहोचण्याची आणि त्यांना टिकवण्याची योजना प्रत्येक शाळेला बंधनकारक केली, ती या टीकेमुळेच. टीका व्हावीच, शाळा तिने सुधारतात. माझा विरोध आहे तो न पाहता केलेल्या टीकेला.

आता पैशांचा मुद्दा. मूल चार्टर शाळेत गेले की त्याच्या वाट्याची रक्कम त्याच्या गावाच्या डिस्ट्रिक्टकडून चार्टर शाळेकडे जाते. एका वर्गातून तीन मुले गेली म्हणून वर्गाचे तापमान राखण्याचा खर्च किंवा शिक्षकाचा पगार कमी होत नाही, ही डिस्ट्रिक्टची तक्रार खरी आहे. त्यासाठीच राज्य सरकार ही तूट काही वर्षे भरून देते. २०१९ च्या कायद्यानुसार वाढीव रकमेच्या पहिल्या वर्षी १०० टक्के, दुसऱ्या वर्षी ६० आणि तिसऱ्या वर्षी ४०. त्याआधी अनेक वर्षे सरकारने ही भरपाई पूर्ण दिली नाही, आणि २०१६ मधील रोष मला त्यामुळे आज अधिक समजतो. बॉस्टन शहरातील मतदारांनीही तेव्हा प्रस्ताव नाकारला, हे मी विसरत नाही. पण २०११ नंतर जिथे चार्टरच्या जागा वाढल्या त्या डिस्ट्रिक्टांचा अभ्यास एमआयटीच्या संशोधकांनी केला, तेव्हा डिस्ट्रिक्ट शाळांतच राहिलेल्या मुलांवरील दरडोई खर्च घटण्याऐवजी वाढला होता आणि त्यांचे निकालही खालावले नव्हते. लहान, कर्जबाजारी शहराला ओढाताण सोसावी लागते यात शंका नाही. त्यावर उपाय भरपाई वेळेवर आणि पूर्ण देणे हा आहे.

आज कायद्याने प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या शैक्षणिक खर्चापैकी साधारणतः ९ टक्केच, आणि सर्वांत मागे असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये १८ टक्के, चार्टरकडे जाऊ शकतात. ज्या शहरांत ही मर्यादा गाठली जाते तिथे शाळा कितीही चांगली असो, प्रतीक्षा यादी कितीही लांब असो, नवी जागा निर्माण करता येत नाही. आपल्या टाऊनमध्ये ही मर्यादा उठली काय आणि राहिली काय, आपल्या मुलांच्या आयुष्यात तसूभरही फरक पडणार नाही. फरक पडेल तो आपल्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर राहणाऱ्या मुलांना.

म्हणून माझी विनंती अशी. मंडळाच्या व्यासपीठावर या विषयाची चर्चा व्हावी आणि तिला डिस्ट्रिक्ट शाळेतील शिक्षक, चार्टर शाळेतील शिक्षक आणि शहरात राहणारे पालक असे सगळे बोलवावेत. ज्यांना मताधिकार आहे त्यांनी आपल्या भागातील राज्य प्रतिनिधीला पत्र लिहून, सर्वांत मागे असलेल्या शहरांपुरती तरी ही मर्यादा शिथिल करावी आणि भरपाईची रक्कम अर्थसंकल्पात पूर्ण ठेवावी, या दोन्ही मागण्या एकत्र कराव्यात. ज्यांना अजून मताधिकार नाही त्यांच्यासाठीही काम आहे. चार्टर शाळांच्या विश्वस्त मंडळांवर बिनपगारी काम करणारे लोक लागतात. ताळेबंद वाचू शकणारे, इमारतीचे नकाशे समजणारे, संगणकाची व्यवस्था लावणारे जाणकार आपल्यात भरपूर आहेत. शनिवारी दोन तास गणित शिकवायला तर अपूर्णांक येणे आणि धीर असणे एवढे पुरते.

आणि किमान एकदा सोडतीला या. ती बहुधा हिवाळ्याच्या शेवटी, मार्चच्या मध्यापर्यंत होते. तिची तारीख किमान आठवडाभर आधी जाहीर करावी लागते आणि कुणालाही आत बसता येते. जागा भरल्यावर उठून जाऊ नका. डब्यातील शेवटची चिठ्ठी निघेपर्यंत थांबा. माझ्या गाडीत चार जागा रिकाम्या असतात. ज्यांना यायचे असेल त्यांनी मराठी शाळा सुटल्यावर मला दारात गाठावे.

आपला स्नेहांकित,
एक मराठी पालक, बॉस्टन परिसर